मानेवरचा हात

रोइपान, १४ मार्च २०१५

वेनांट,

चौदा वर्षांनी पत्र लिहितेस, तर सुरुवातीला दोन गोड शब्द लिही, असं सारेलचं म्हणणं. मी त्याला म्हटलं, नवरा म्हणून तुझं मत ऐकून घेतलं, आता जा आणि मेंढ्यांकडे बघ. गोड लिहायला मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे.

तुझ्या ‘आमेनपर्यंत’ नाटकावर जे जे छापून आलं ते सगळं माझ्याकडे आहे. रस्कच्या रिकाम्या डब्यात कात्रणं ठेवलीत. केपटाउनच्या त्या म्हाताऱ्या समीक्षकानं लिहिलंय की हे नाटक नव्हे, एका आफ्रिकानर घराचं शवविच्छेदन आहे. ही स्तुती की शिवी ते मला कळेना. सारेल म्हणाला, वर चार तारे दिलेत म्हणजे स्तुतीच असणार. आपल्या इकडच्या पेपरानं मात्र लिहिलंय की एकोणीस मिनिटं नुसतं दार वाजत राहतं आणि स्टेजवरचं कुटुंब गुडघ्यांवर बसून राहतं, हा प्रेक्षकांचा छळ आहे, सतरा माणसं मधूनच उठून गेली. आणि जोहान्सबर्गच्या त्या पोरीचं वाचलंस का? ती लिहिते, प्रार्थनेच्या वेळी सगळे टेबलाकडे पाठ करून बसतात, हे एकमेकांकडे पाठ फिरवलेल्या कुटुंबाचं प्रभावी प्रतीक आहे! सारेल इतका हसला की कॉफी सांडली. बिचारीनं जन्मात कुणाच्या घरी संध्याकाळची प्रार्थना बघितलेली दिसत नाही. खुर्ची फिरवायची, तिच्यासमोर गुडघे टेकायचे, बैठकीत तोंड खुपसायचं. दुसरं कसं करतात?

मी नाटक बघितलेलं नाही. पण सगळ्यांनी गोष्ट सांगितलीय, त्यामुळे बघायची गरजही उरली नाही. बापाची प्रार्थना चालू, मागच्या दाराशी मोलकरीण पुलेंग दार ठोठावतेय, तिचं लेकरू तापानं फणफणलंय, गाडी फक्त बापाकडे. बाप थांबत नाही. धाकटा मुलगा उठायला जातो, तर बापाचा हात त्याच्या मानेवर येतो आणि त्याला खाली दाबतो. शेवटी बहीण उठते, दार उघडते. तोवर उशीर झालेला असतो. पुलेंग कोण, हे मला आधी कळलंच नाही. आपण तिला रोझिना म्हणायचो.

गावात काय चाललंय ते विचारू नकोस. चर्चच्या बाजारात पॅनकेकच्या रांगेत तान्नी ड्रिनी, ती सगळ्या गावाची मावशी, सगळ्यांदेखत म्हणाली, “काय गं आलेटा, तुमच्या घरी रोज संध्याकाळी एवढं नाट्य चालायचं, आम्हाला कधी बोलावलं नाहीत!” मी म्हटलं, “बोलावणार होतो तान्नी, पण तुम्ही प्रार्थनेला यायचं म्हटलं की तुमचे गुडघे दुखतात.” लोक हसले. घरी येऊन मी दार लावून बसले.

गेल्या शनिवारच्या पेपरात माझं पत्र आलंय, तू वाचलंच असशील. ‘माझ्या वडिलांनी आपल्या मुलांवर कधीही हात टाकला नाही, हे मी शपथेवर सांगते.’ त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पा गेले तेव्हा तू मातीलाही आला नाहीस. निदान मेल्यावर तरी त्यांना सोड.

मा वृद्धाश्रमात ठीक आहे. तुझी चौकशी करते. कधीकधी तू अजून शाळेत आहेस असं तिला वाटतं.

आलेटा

---

रोइपान, २ एप्रिल

वेनांट,

तुझं कार्ड मिळालं. टेबल माउंटनचं चित्र आणि मागे एक ओळ: ‘तुला दिसलं नसेल, सुस. तुझे डोळे मिटलेले होते.’ सुस, म्हणजे ताई, असं तू मला लहानपणी म्हणायचास.

ती ओळ मी आठ दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. भांडी घासताना समोर येते. मग सारेलला म्हटलं, चल, ब्लूमफोंटेनला जाऊन बघून येऊ. तो म्हणाला, “आपण बघितलं नाही म्हणूनच आपल्याला बोलता येतंय, बघितल्यावर काय बोलशील?” हा माणूस वर्षातून दोनदा शहाण्यासारखं बोलतो, आणि नेमका नको तेव्हा.

तर बघितलं. तू फ्री स्टेटमध्ये, आपल्या प्रांतात, पाऊल टाकत नाहीस, म्हणून तू भेटशील अशी भीती नव्हती. भीतीच म्हणते, आशा म्हणाले असते तर तुला हसू आलं असतं.

टेबल अगदी आपल्यासारखं आहे. त्या नटाचा आवाज पांसारखा नाही, पण प्रार्थनेत मधेच थांबून श्वास घ्यायची तऱ्हा तीच. ते तू शिकवलंस ना त्याला? दार वाजायला लागलं तेव्हा माझ्यापुढच्या बाईनं आपल्या नवऱ्याला विचारलं, “हे खरंच बाहेर कुणी आहे की नाटकातलं आहे?” नंतर थिएटरमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मग तो हात आला. वेनांट, लोकांच्या तोंडून चक्क आवाज निघाला. घरी येऊन डबा उघडला तर प्रत्येक समीक्षणात तो हात आहे. ‘एका पिढीनं दुसऱ्या पिढीच्या मानेवर ठेवलेला हात.’ ‘गेल्या दहा वर्षांतलं आफ्रिकान्स रंगभूमीवरचं सर्वांत भयंकर दृश्य.’ आणि बहीण उठून दाराकडे जाते त्यावर केपटाउनचा म्हातारा लिहितो, ‘त्या कुबट घरातली ती एकच उघडी खिडकी.’

ते मी मोठ्यानं वाचून दाखवलं. सारेल म्हणाला, “वा, खिडकीबाई, आता कॉफी करता का?” मी उठून बाहेर गेले. त्याला वाटलं मी रागावले.

तू मला असं का लिहिलंस? मी उठले नव्हते हे तुला माहीत आहे. तू तिथेच होतास.

आलेटा

---

रोइपान, ११ एप्रिल

वेनांट,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता फाडणार नाही. कसंही निघालं तरी टपालपेटीत टाकणार.

डिसेंबरची ती दुपार. सुट्टी होती, मी मागच्या व्हरांड्यात माझा पिवळा झगा इस्त्री करत होते. रोझिना, म्हणजे पुलेंग, येऊन मला, घरच्या धाकट्या मालकिणीला, म्हणाली, “नॉई, टेफो सकाळपासून डोळे उघडत नाही. मानसुद्धा ताठ झालीय. मालकांना सांगाल का, गाडीनं दवाखान्यात न्यायचंय.” पा शेतावर होते. मी म्हटलं, आले की सांगते. ती म्हणाली, “नक्की ना, नॉई?” मी म्हटलं, “नक्की.”

पा आले ते गारपिटीचं तोंड करून. मक्याचा अर्धा तुकडा झोपला होता. आणि मला शनिवारी शहरातल्या नाचाला जायचं होतं, त्याची परवानगी त्याच संध्याकाळी काढायची होती. मी मनाशी म्हटलं, आधी त्यांना जेवू दे, मग माझं विचारते, मग तिचं सांगते. दोन गोष्टी एकदम मागितल्या तर दोन्ही जातील. असाच विचार केला, वेनांट. मी सोळा वर्षांची होते, मूर्ख नव्हते.

जेवण झालं. पांनी बायबल काढलं, वाचलं, आपण खुर्च्या फिरवल्या. उन्हाळा होता, बाहेर अजून लख्ख उजेड होता. पा टेबलाच्या टोकाला, मग तू, मग मी. पलीकडे मा. आमेनच्या आधी उठायचं नाही, फोन वाजला तरी नाही, हा पांचा नियम. दार वाजलं तेव्हा मला लगेच कळलं कोण आहे ते. तुम्हाला तिघांना वाटलं असेल कुणीतरी आहे. मला माहीत होतं.

तू उठायला लागलास. तुझे गुडघे फरशीवरून सुटल्याचं मला ऐकू आलं. आणि माझ्या डोक्यात एकच आलं, की दार उघडलं की ती पहिल्यांदा विचारणार, “नॉईनं सांगितलं नाही का?”

तो हात माझा होता.

पा प्रार्थना करताना दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरायचे. आठव जरा. मरेपर्यंत तसंच धरायचे. मी रोज सकाळी गाई पिळायचे, माझ्या बोटांत जोर होता. तुझ्या मानेवर दोन दिवस निळी खूण होती. मा त्या खुणेला मलम लावत होती, पण तिनं कुणालाच काही विचारलं नाही.

पांना मी निर्दोष ठरवत नाहीये. दार त्यांनाही ऐकू येत होतं आणि ते थांबले नाहीत. पण आमेन म्हणताच ते स्वतः उठले, दार त्यांनीच उघडलं, टेफोला स्वतः उचलून पिकअपमध्ये घातलं. तुला झोपायला पाठवलं होतं. टेफोनं वाटेतच, रेल्वे फाटकापाशी, जीव सोडला. डॉक्टर नंतर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. त्यानंतर पांची प्रार्थना आखूड झाली. तुझ्या लक्षात आलं नव्हतं का? आधी आपल्या पायांना मुंग्या यायच्या. नंतर कधी आल्या नाहीत.

आणखी एक. चौऱ्याण्णवच्या नाताळात, तू शेवटचा घरी आलास तेव्हा, भर जेवणात तू पांना म्हणालास, “तुमचा हात अजून माझ्या मानेवर आहे.” मला वाटलं, संपलं सगळं. पांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग म्हणाले, “बटाटे द्या इकडे.” म्हणजे त्या संध्याकाळी त्यांचेही डोळे उघडे होते. ते सात वर्षं तुझा राग खात राहिले आणि मी त्यांना खाऊ दिला. त्यांच्या मातीला तू आला नाहीस, तेव्हा सगळ्या गावानं तुला नावं ठेवली. मी सगळ्यांत मोठ्यानं ठेवली.

तुझं नाटक जगभर गाजतंय आणि त्याचा कणाच खोटा आहे, हे तुला कळवण्यात माझा काही फायदा नाही. तू माझ्याशी पुन्हा कधी बोलणार नाहीस, बहुतेक. तरी पोस्टात टाकतेय.

सुस

---

रोइपान, २० मे

वेनांट,

तुझं उत्तर नाही. तक्रार करत नाही.

मी पुलेंगकडे जाऊन आले. हे आधी करायला हवं होतं, मग तुला लिहायला हवं होतं. पण आपल्या घरात सगळं घरातल्या घरातच सांगायची खोड. ती टेकडीपलीकडच्या वस्तीत राहते. माझ्या घरापासून गाडीनं दहा मिनिटं. पस्तीस वर्षांत मला ती दहा मिनिटं सापडली नाहीत.

चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. मला बघून म्हणाली, “आलेटा ना? जाड झालीस.” नॉई म्हणाली नाही. चहा दिला. मी घरी भाजलेलं मेल्कटर्ट, ते दुधाचं पक्वान्न, नेलं होतं, ते तिनं झाकून कपाटावर ठेवून दिलं. मग मी सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलं तसं. निरोप दिला नाही इथपासून हातापर्यंत.

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, “निरोप दिला नाहीस ते मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या बापानं दार उघडलं आणि विचारलं, ‘काय झालं?’ ज्याला सांगितलंय तो असं विचारत नाही.”

मी म्हटलं, “आणि हात...”

“हात कुणाचा होता ते सांगायला आलीस होय?” ती हसली, वेनांट, आणि ते हसू मला मारल्यासारखं लागलं. “मी दाराच्या या बाजूला होते गं. मला काय दिसणार? तुमच्या घरात चार माणसं होती, आठ हात. एकही कडीकडे गेला नाही. आता त्यातला कुठला हात कुणाच्या मानेवर होता, यावर तुम्ही नाटकं लिहा, पेपरात भांडा. ते तुमचं.”

मी म्हटलं, वेनांट उठत होता. त्यावर ती “बरं” एवढंच म्हणाली.

निघताना तिनं सांगितलं की तू दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे आला होतास. म्हणजे फ्री स्टेटमध्ये तू येतोस, फक्त आमच्याकडे येत नाहीस. ती म्हणाली, “त्यानं विचारलं, तुझं नाव वापरू का? मी म्हटलं, माझं वापर, टेफोचं वापरायचं नाही.” आता कळलं नाटकातल्या लेकराला नाव का नाही ते. जोहान्सबर्गच्या पोरीनं त्यावर अख्खा परिच्छेद लिहिलाय, की बाळाला नाव न देऊन लेखकानं त्याला सगळ्या देशाचं केलंय. पुलेंगला ते वाचून दाखवायचा धीर मला झाला नाही.

“परत येऊ का?” म्हणून विचारलं. ती म्हणाली, “रस्ता सरकारी आहे.” मी हो असा अर्थ घेतलाय. गेल्या मंगळवारी पुन्हा गेले. मेल्कटर्टचं ताट धुऊन ठेवलं होतं.

सुस

---

रोइपान, २९ ऑगस्ट

वेनांट,

तू पत्राला उत्तर दिलं नाहीस, पण दिलंस. आज सकाळी पेपर उघडला तर तुझं नाटक नव्यानं बसवल्याची बातमी आणि खाली समीक्षण. केपटाउनच्या म्हाताऱ्याचंच. या वेळी दोनच तारे.

तो लिहितो, ‘लेखकानं आपल्याच नाटकाचा कणा मोडलाय. बापाच्या जागी आता बहीण मुलाची मान दाबते. बाप नुसताच एक दुबळा माणूस उरतो. द्वेष कुणाचा करायचा हे न कळून प्रेक्षक घरी जातो. शिवाय हे पटण्यासारखं नाही. सोळा वर्षांची कुठलीही मुलगी एका नाचापायी असं करणार नाही.’

मला आधी हसू आलं. मग सारेलला वाचून दाखवताना ‘बहीण मुलाची मान दाबते’ इथे थांबले, तर त्यानं पेपर माझ्या हातातून घेतला आणि पुढचं स्वतः वाचलं. वाचून म्हणाला, “हा माणूस मुलींना ओळखत नाही.” त्याला मी सगळं सांगितलंय, एप्रिलमध्येच. तेव्हा तो शेडमध्ये गेला होता आणि जेवायला आला नव्हता. दुसऱ्या दिवशी आला.

तुझं नुकसान झालं माझ्यामुळे. दोन तारे गेले. पहिल्या आवृत्तीला बोलावणारे थिएटरवाले आता गप्प बसलेत असंही त्यात लिहिलंय. तू ते जुनं तसंच ठेवलं असतंस तरी मी कुणाला सांगणार नव्हते, हे तुला ठाऊक असणार. तरी बदललंस. पांच्या वतीनं तुला काही म्हणायचा हक्क मला नाही. मी माझ्या वतीनं म्हणते. मला फार बरं वाटलं.

पेपरला दुसरं पत्र लिहिलंय. ‘मार्चमध्ये मी जे शपथेवर सांगितलं ते खरं होतं आणि तरी फसवणूक होती’ असं सुरू होतं. छापलं तर तान्नी ड्रिनीला वर्षभर पुरेल.

सुस

---

रोइपान, २१ सप्टेंबर

वेनांट,

आजचा पेपर तुझ्याकडे पोहोचला असेल, म्हणून घाईनं लिहितेय.

समीक्षक लिहितो की शनिवारी दुपारच्या ब्लूमफोंटेनच्या प्रयोगात तू एक नवी आणि अत्यंत सवंग युक्ती केलीस. प्रेक्षकांत एक म्हातारी पेरलीस, आणि दार वाजत असताना तिला उठवलंस. शिवाय थिएटरचं बाजूचं दार उघडं टाकून शेवटच्या प्रवेशाची सगळी प्रकाशयोजना उन्हानं धुऊन काढलीस. तू केपटाउनला बसून डोकं खाजवत असशील. नाटकवाल्यांनी तुला फोन केलाच असेल, पण त्यांनाही ती कोण ते माहीत नाही. मी नाव सांगितलं नाही.

तू कुणाला पेरलं नव्हतंस. ती मा होती.

मी तिला नेणार नव्हते. पण तीच हट्टाला पेटली. “वेनांटचं नाटक आहे ना? मग मला का लपवतेस?” चर्चची निळी टोपी घातली, हातमोजे घातले. वाटेत दोनदा विचारलं, आपण कुठे चाललोय. थिएटरात मात्र शांत बसली. टेबल बघून मला म्हणाली, “हे आपलं आहे. कुणी दिलं यांना?”

प्रार्थना सुरू झाली तशी तिनं डोळे मिटले. दार वाजायला लागलं. मी तिच्याकडे न बघता समोर बघत होते, कारण आता माझा हात येणार होता, मला तो बघायचा होता. तो आला. कुणाच्या तोंडून आवाज निघाला नाही. पहिल्या वेळी निघाला होता.

आणि मा उठली. काठी टेकत उभी राहिली आणि पांना नावानं हाक मारून मोठ्यानं म्हणाली, “गेर्हार्द, बास कर. रोझिना आहे बाहेर. कुणीतरी उठा की!”

तो नट पांचं बोलणं बोलत होता, तो अडकला. आतून दार वाजतच राहिलं, कारण स्टेजमागे ठोठावणाऱ्या माणसाला इकडचं कळलं नसणार. मी मान धरून तिला खाली बसवू शकले असते, वेनांट. सगळे बघत होते. माझा हात वरही गेला होता. मी तो मागे घेतला आणि पाय बाजूला करून तिला वाट दिली.

ती पायऱ्यांवरून एकेक पाऊल उतरली आणि बाजूच्या दाराशी गेली. दाराजवळचा माणूस तिला थांबवायला पुढे झाला, तर तिनं त्याला काठीनं बाजूला सारलं. कडी जड होती. दोन्ही हातांनी ओढली. दार उघडलं. बाहेर पार्किंग होतं, दुपारचं ऊन होतं, दुसरं कुणी नव्हतं.

मी मागे जाऊन उभी राहिले. तिनं माझ्याकडे न वळता विचारलं, “उशीर झाला का गं?”

मी म्हटलं, “हो, मा. फार उशीर झाला.”

तिनं मान हलवली. पण दार लावू दिलं नाही. मी आणि तो दारावरचा माणूस, दोघांनी सांगून बघितलं. नाटक संपेपर्यंत ती तशीच उन्हात उभी होती, आणि पाठीमागे कुणी तिला बस म्हणालं नाही.

सुस